विमल रिक्षातून उतरत नाही

आमच्या गावी येणारे पाहुणे एका दिवशी वेरूळ करतात, दुसऱ्या दिवशी अजिंठा, मधल्या संध्याकाळी मकबऱ्यापुढं उभे राहून फोटो काढतात आणि गाव बघून झालं म्हणून परत जातात. मी तिथंच जन्मले, लग्न होऊन पुण्याला जाईस्तोवर तिथंच वाढले, आणि माझं काही ते अजून बघून झालेलं नाही. या हिवाळ्यात पुन्हा जाऊन आले. लेणी-बिणी काही नाही. मी आणि माझी धाकटी बहीण विमल, दोघींनी मिळून एक दिवस आपल्याच गावात घालवला. निवांत, रिक्षात बसून. सगळं भांडण त्या 'बसून'वरच होतं, ते पुढं येईलच.

गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. बसच्या पाटीवर तेच असतं. विमलच्या तोंडी अजून औरंगाबाद येतं, आणि एकाच वाक्यात दोन्ही नावं वापरणारेही मी या खेपेला ऐकले. मला त्यात अवघड काही वाटत नाही. लग्नात माझंही नाव बदललं होतं. सासरचे नव्या नावानं हाक मारतात, माहेरचे जुन्या. मी दोन्हीला ओ देते.

आता विमलबद्दल. मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवून ती निवृत्त झाली. नवरा गेल्यापासून समर्थनगरातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि एकटी म्हणजे चांगली मजेत राहते. म्हणजे राहत होती. मागच्या पावसाळ्यात गुलमंडीत रिक्षातून उतरताना पाय घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. प्लॅस्टर लागलं, निघालं, डॉक्टर म्हणाले आता खुशाल हिंडा. पण बाई हिंडेना. घरात तुरुतुरु चालते. लिफ्टनं खाली येऊन सोसायटीच्या गेटापर्यंत जाते, आणि गेटाशी आली की कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखी थांबते, फिरते, वर जाते. दूध, भाजी, औषधं, सगळं घरपोच.

तिचा मुलगा मंदार हैदराबादला असतो. त्यानं मला पुण्याला फोन केला.

"मावशी, मी महिनाअखेरीला येतो आणि आईला इकडंच घेऊन येतो. कायमची."

"तिला विचारलंस का?"

"विचारलं. 'तू म्हणशील तसं,' म्हणाली."

इथं काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. विमलनं आजवर कुणालाही 'तू म्हणशील तसं' म्हटलेलं नाही. आमच्या वडिलांना नाही, तिच्या हेडबाईंना नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. मी मंदारशी बरीच हुज्जत घातली. पोरगं वाईट नाही, काळजीनं वाळलेलं आहे. शेवटी तो म्हणाला, "बरं, मावशी. ती एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पायांनी बाजारात उतरली ना, तर मी तिकीट काढत नाही. तुला शब्द देतो."

मी बॅग भरली. विमलला सांगितलं, मला जरा आराम हवाय, जुन्या जागा डोळ्यांखालून घालायच्यात. ती म्हणाली, "तुला आराम? तू आराम करायला येणार म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी जाणार." बहिणी फार ओळखून असतात.

समर्थनगर, सकाळ

इथं घरातला सगळा कारभार नळावर चालतो. पाणी रोज येत नाही, आणि आलं की पाहुणा असो की पूजा, आधी भांडी मांडायची. विमलनं माझा बेत ऐकला आणि पहिलं वाक्य काढलं, "आज नळाचा दिवस नाही, म्हणून बरंय." म्हणजे परवानगी मिळाली.

रिक्षा रशीदभाईंची. ते विमलच्या ओळखीतले, तिला 'आपा' म्हणतात. प्लॅस्टर होतं तेव्हा दवाखान्यात यांनीच नेलं-आणलं. पुण्यात रिक्षावाला आधी विचारतो कुठं जायचं, आणि मग सांगतो की येत नाही. रशीदभाई वर आले, सोफ्यावर बसले, चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या नातवाचं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं, आणि सगळं झाल्यावर म्हणाले, "हाँ, तो जाने का किधर है?"

"सगळीकडं," मी म्हणाले.

"आक्का," विमल म्हणाली, "मी येते. पण मी उतरणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"उतरणार नाही म्हणजे?"

"म्हणजे रिक्षातून बघीन. तू उतर, हिंड, परत ये. मी बसते."

मी तिच्या पायाकडं पाहिलं. घरातल्या कापडी सपाता. वर गुलाबी फूल.

"अगं, चपला तरी घाल."

"उतरायचंच नाही तर चपला कशाला झिजवू?"

रशीदभाईंनी कप ठेवला. "आपा, उतरने का अलग से कुछ नहीं लेता मैं. मुफ़्त है."

"तुम्ही गप्प बसा, रशीदभाई. ही पुण्याहून काहीतरी शिजवून आली आहे."

मी अगदी भोळा चेहरा केला. माझा भोळा चेहरा सत्तरीनंतर फार चांगला जमायला लागलाय. आता दातही कमी असल्यामुळं त्याला शोभा येते.

माझा डाव सोपा होता. विमल पडली हाडाची मास्तरीण. कुणी चुकीचं बोललं की तिला अंगावर झुरळ पडल्यासारखं होतं. तेव्हा प्रत्येक ठिकाणी मी एकटी आत जायचं, बाहेर येऊन काहीतरी ठार चुकीचं सांगायचं, आणि ते दुरुस्त करायला बाईंना खाली उतरावंच लागेल. पुण्यापासून येताना सगळ्या थापा रचूनच आले होते.

मकबरा

बेगमपुऱ्याच्या बाजूनं गेलं की आधी मिनार दिसतात, मग घुमट, आणि त्याच्या मागं आमचे ते ओळखीचे डोंगर. हिवाळ्यात ते तांबूस पडतात. लोक याला गरिबांचा ताजमहाल म्हणतात. शकी असताना मला त्याचा फार राग यायचा.

शकी म्हणजे मीच. शकुंतला. पण ती बया आणि मी आता इतक्या वेगळ्या आहोत की मी तिला त्रयस्थासारखंच बघते. लांब वेणी, मैत्रिणीचा उसना गॉगल, आणि मान अशी की जणू मकबरा तिच्याच आजीनं बांधलेला. कॉलेजात असताना हिनं तिथल्या फोटोवाल्याकडून चिमटीत घुमट धरल्याचा फोटो काढवून घेतला. जरा डावीकडं, जरा वर, असं पाऊण तास चाललं. फोटो धुऊन आला तेव्हा घुमट होता तिथंच होता, आणि शकीच्या चिमटीत होतं मागं उभ्या असलेल्या एका गृहस्थाचं नाक. तिनं तो फोटो तरीही मैत्रिणींना दाखवला. म्हणाली, ही कला आहे.

तिकीट काढून मी आत गेले. सरूची झाडं, मधलं लांब पाणी, जाळीतून येणारं ऊन. एका बाकावर बसून थंडीतलं ऊन खाल्लं. शाळेची सहल आली होती. पोरं कबरीपेक्षा डब्यांभोवती जास्त जमली होती. बरं वाटलं.

बाहेर येऊन मी पदरानं कपाळ पुसलं. "काय गं ते शहाजहानचं काम! बायकोवर काय जीव होता माणसाचा!"

विमलनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग बसल्या जागेवरून म्हणाली, "शहाजहानचा इथं काही संबंध नाही. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, आईसाठी बांधला. दिलरस बानू तिचं नाव. हे तुला चौथीपासून माहीत आहे. बस आत, ऊन लागू राहिलं."

मी बसले. एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. चूक दुरुस्त करायला विमलला जागेवरून उठावं लागत नाही. उभा जन्म तिनं खुर्चीत बसूनच वह्या तपासल्या.

पाणचक्की

वाटेत हरभऱ्याचा टहाळ विकत घेतला. हिरवा, घाट्यांनी लगडलेला. दोघी रिक्षात बसून सोलत खात होतो, टरफलं पदरात जमवत होतो. पुण्यात हाच हरभरा सोलून, पिशवीत बंद होऊन मिळतो. सोयीचं आहे, पण त्यात करायला काही उरत नाही. सोलताना ज्या गप्पा होतात त्या पिशवीत येत नाहीत.

"आठवतं का, आक्का," विमल घाटा फोडत म्हणाली, "तू इथं काय दिवे लावले होतेस?"

आठवतं. आठवू नये म्हणून पन्नास वर्षं प्रयत्न केला, पण साक्षीदार जिवंत असला की काही चालत नाही.

तर, पुण्याचा मुलगा बघायला आला होता. घरचं कांदेपोहे प्रकरण झालं, आणि मोठ्यांनी उदारपणे सांगितलं, जरा पाणचक्कीला फिरून या दोघं. दोघं म्हणजे तिघं. मागं शेंगदाणे खात विमल. आता आमच्या गल्लीत सगळे पाण्याला 'पानी' म्हणायचे आणि 'कोण'ला 'कोन'. शकीच्या मनात भीती की पुण्याच्या मुलापुढं 'न' आला तर लग्न मोडलं. तेव्हा तिनं रात्रभर विचार करून तोड काढली. सगळीकडं 'ण' म्हणायचं! मग चुकायला जागाच नाही.

पाण्याच्या हौदाशी उभी राहून शकी म्हणाली, "मला तर इथूण जावंसंच वाटत णाही. मण अगदी प्रसण्ण होतं."

मुलगा फार काळजीनं म्हणाला, "तुम्हाला सर्दी झालीय का?"

"णाही," शकी म्हणाली.

मागं विमलच्या घशात शेंगदाणा अडकला. त्या माणसानं तरीही होकार कळवला, हे त्याचं मोठेपण. लग्नात सासरच्यांनी नाव काय ठेवलं? मृणालिनी! ज्या अक्षरानं घात केला ते जन्मभर गळ्यात.

"आणि मी तुझ्या सासूला सांगितलंही होतं," विमल हसत होती, "की आक्काला सर्दी-बिर्दी काही नाही, ती शुद्ध बोलू राहिली."

मी आत गेले. कुठल्या कुठून, जमिनीखालच्या नळांतून येणारं ते पाणी उंचावरून हौदात चादरीसारखं पडतं. जवळ उभं राहिलं की तोंडावर बारीक तुषार येतात. मासे आहेत, पिठाची जुनी चक्की आहे, आणि हौदाच्या काठावर तो प्रचंड वड. त्याच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मला त्यांचा हेवा वाटला. पण मी आरामाला आलेली नव्हते ना. मी बाहेर आले, या खेपेला जड पावलांनी.

"विमे, वड तोडला गं."

तिचा हात तोंडाशी गेला. "काय सांगतेस!"

"नुसता बुंधा ठेवलाय."

तिनं टहाळ खाली ठेवला. सपातेतला उजवा पाय पायरीवर आला. गुलाबी फूल रिक्षाच्या बाहेर! मी श्वास रोखून पाहत राहिले.

रशीदभाईंनी डोकं बाहेर काढून वर बघितलं. "क्या बात कर रे, बडी आपा? वो क्या दिख रा भिंत के ऊपर से? झाड है ना अपनी जगह पे."

पाय आत गेला.

"रशीदभाई," मी म्हणाले, "तुम्ही इतके खरे बोलणारे कधीपासून झालात?"

"झाड के बारे में झूठ नक्को, आपा. गुनाह लगता."

पदरातली टरफलं विमलनं पिशवीत भरली आणि शेवटी म्हणाली, "मंदारनं तुला पाठवलंय ना?"

"त्यानं नाही पाठवलं. मीच आले."

"मला उतरवायला."

"हो."

"मग थापा कशाला मारू राहिली? सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलं असतं तर उतरली असतीस?"

"नाही," ती म्हणाली. हे मात्र सरळ होतं.

गुलमंडी

गुलमंडीत रिक्षा चालत नाही, सरकते. एका बाजूला बांगड्या, एका बाजूला साड्या, मधून हातगाड्या, मोटारसायकली, आणि कुणाचीही कुणाला घाई नाही. रशीदभाईंनी बाजूला घेऊन रिक्षा उभी केली आणि इमरती आणायला गेले. गरम इमरती, उडदाच्या डाळीची, पाकानं जड झालेली. पुण्यात माझ्या सुना तिला 'मोठी जिलबी' म्हणतात. मी दरवेळी दुरुस्त करते आणि दरवेळी हरते.

मी थापांचं दुकान बंद केलं होतं. नुसती खात होते. पाकाचा एक थेंब माझ्या चांगल्या साडीवर पडला, दुसरा त्याला सोबत म्हणून पडला. विमल मात्र खात नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडं, एका दुकानाच्या पायरीपाशी बघत होती.

"तिथं का?" मी विचारलं.

"तिथं."

"दुखलं असेल खूप."

"घोट्याचं काय, ते कळलंच नाही आधी." तिनं इमरतीचा एक वळसा मोडला, हातात धरून ठेवला. "मी पडले. साडी गुडघ्याच्या वर. पावसाचा चिखल. आणि कुणीतरी ओरडलं, 'अरे धरा, म्हातारी पडली!' मी मागं वळून बघितलं, आक्का. कोण म्हातारी पडली म्हणून."

मला हसू आलं. दाबलं, पण आलंच. आणि तीही हसली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं तरी.

"मग काय म्हणायला पाहिजे होतं त्यांनी?" मी म्हणाले. "'धावा धावा, तरुणी कोसळली'?"

"'बाई पडल्या' म्हणायचं होतं. या बाजारात मला सगळे बाई म्हणतात. निम्म्या दुकानांत माझ्या विद्यार्थिनी सुना होऊन आल्यात. त्या दिवसापासून मला वाटतं, गेटाबाहेर पाय टाकला की मी बाई नाही राहायची. ती दुसरी, पडलेली, तीच उरायची."

मी माझी इमरती अर्धी तोडून तिच्या पानात ठेवली. तिनं ती खाल्ली. मग स्वतःचीही खाल्ली.

"हैदराबादला," बोटं चाटत ती म्हणाली, "मी भांडू कुणाशी? तिथं कुणी मला ओळखतच नाही."

औरंगपुरा

परतीच्या वाटेवर औरंगपुऱ्याची मंडई लागते. मी रशीदभाईंना थांबायला सांगितलं. डाव वगैरे काही नाही, खरंच सांगते. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला खायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुशीला हा आमच्या मराठवाड्यातला नाश्ता. मुरमुरे भिजवायचे, पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, लिंबू. पुण्यात नवी नवरी म्हणून गेले तेव्हा शकीनं पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना, अतिशय शुद्ध बोलत, विचारलं होतं, "उद्या सकाळी सुशीला केली तर चालेल का आपल्याला?" सासऱ्यांच्या हातातला पेपर खाली आला. शेजारच्या घरात सुशीलाबाई राहत होत्या. विधवा, देखण्या. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी सासऱ्यांकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळला. त्या दिवसापासून मी घरात तो शब्द उच्चारला नाही. पोहे करायला लागले.

रिक्षा रस्त्याच्या कडेला. समोरच फुटाणे-मुरमुऱ्यांचं दुकान, पोती तोंडं उघडून मांडलेली. गल्ल्यावर एक बाई, नाकात मोठी चमकी, हात चालू आणि तोंडही चालू.

"चुरमुरे द्या," मी म्हणाले.

"चुरमुरे?" तिनं मला वर-खाली बघितलं. "पुण्याच्या का तुम्ही? भेळीचे देऊ?"

"हो हो, ते द्या."

तिनं माप घेऊन पलीकडच्या पोत्यात घातलं. पिशवी भरायला लागली. मागून काहीतरी ऐकू आलं. मला एका कानानं जरा कमी येतं, आणि मंडईत कुणीतरी कुणाला तरी ओरडतच असतं. मी वळून विमलकडं बघून हात हलवला. विमल रिक्षातून अर्धी बाहेर वाकून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, किती खुश झालीय! मी अजून जोरात हात हलवला.

"अजून घाला," मी दुकानदारणीला म्हणाले. "दोघींना पुरले पाहिजेत."

"ते नाही!" आता आवाज थेट माझ्या चांगल्या कानात आला. "ओता ते परत! ओता आधी! अगं आक्का, सुशीलाला भेळीचे घेऊ राहिली? पाण्यात पडले की त्याची लापशी होईल लापशी! जाडे घ्यावे लागतात, ते, त्या कोपऱ्यातले, फुगलेले. काय गं सखू, तू तरी बघायचं! माणूस सुशीलाला मागू राहिलं आणि तू भेळीचे काय देती?"

"मला काय म्हाईत, बाई!" सखूनं पिशवी परत पोत्यात उलटी केली. "ह्या चुरमुरे म्हणल्या. सुशीलाचं नाव बी नाय काढलं. तुम्ही कवा आल्या? लई दिवसांनी! आम्हाला वाटलं, हैदराबादला गेल्या पोराकडं."

"कोण म्हणतं गेले?"

"सगळी मंडई म्हनती."

"सगळ्या मंडईला सांग, बाई इथंच हायेत," विमल म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला, एक मुरमुरा तोंडात टाकला, दातानं दाबून बघितला, मान हलवली. "हे भर."

रस्त्यापलीकडं रशीदभाई रिक्षातून उतरून उभे होते. रिक्षाची मागची सीट रिकामी होती. मध्ये रस्ता होता, त्यावरून एक टेम्पो गेला, दोन मोटारसायकली गेल्या, एक गाय सावकाश गेली. हे सगळं ओलांडून माझी बहीण आली होती, आणि तिच्या गुलाबी फुलाला कोथिंबिरीची काडी चिकटली होती.

मग तिलाही कळलं. तिनं खाली बघितलं, सपातांकडं. रस्त्याकडं बघितलं. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"तू मुद्दाम केलंस," ती हळूच म्हणाली.

"देवाशप्पथ नाही. मी खरंच विसरले, विमे."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, वही तपासताना बघतात तसं. "खरंच विसरलीस," ती म्हणाली. तिला त्याचं फार वाईट वाटलं असावं, कारण पकड सैल झाली. "पन्नास वर्षं पुण्यात राहून हे झालं तुझं?"

सखूनं एक पाट पुढं सरकवला, आम्ही बसलो. तिनं कुणाला तरी हाक मारून चहा मागवला. पाण्याची बाटली पुढं केली. येणारी-जाणारी माणसं थांबत होती. "बाई, बऱ्या आहात ना?" "बाई, पाय कसाय?" एक पोरसवदा सून मूल कडेवर घेऊन वाकून पाया पडली आणि म्हणाली, सातवीत तुम्ही मला नद्यांच्या नकाशावरून बाकावर उभं केलं होतं. विमल म्हणाली, "गोदावरी उलटी वाहवली होतीस ना? लक्षात आहे."

चहा झाल्यावर रशीदभाईंनी रिक्षा जवळ आणायची तयारी दाखवली. विमल म्हणाली, "नको. पुढं कोपऱ्यावर उभी करा. आम्ही कोथिंबीर घेऊन येतो."

कोपरा काही लांब नव्हता. आम्ही हातात हात घालून निघालो, शाळेत जाताना जायचो तशा, फक्त तेव्हा मी तिला ओढायची. कोथिंबीर घेतली, लिंबं घेतली. लिंबांवर तिनं भांडण केलं, जुनं, चांगलं, दोन्ही बाजूंना आवडणारं भांडण. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मंदार. विमल फोन कधी कानाला लावत नाही, ताटासारखा पुढं धरून स्पीकरवर बोलते, त्यामुळं सगळ्या मंडईनं ऐकलं.

"आई, कसला एवढा आवाज? टीव्ही बारीक कर ना."

"टीव्ही नाही. मंडई आहे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रिक्षात आहेस ना?"

"रिक्षा कोपऱ्यावर आहे. मी चालत आहे. सपाता घालून."

त्याचा आवाज जरा वेगळाच आला. "आई... खरंच?"

"खोटं कशाला बोलू? इकडं सगळे बघू राहिले माझ्याकडं. तू तिकीट काढू नकोस."

"नाही काढत." मग घाईघाईनं, शास्त्रापुरतं: "पण आई, एकटी नको जाऊस हां अशी. पुढं कसं करणार? मावशी काय कायमची तिथं असणार आहे का?"

"ती असली काय, नसली काय! तिचीच काळजी करायची पाळी आली आहे. सुशीलाला भेळीचे मुरमुरे घेत होती, मंदार!"

"मावशी? सुशीलाला?" पोरगं मराठवाड्याचंच, आवाजातच धक्का कळला.

"मग सांगते काय. सगळं विसरत चालली आहे. ऐकायला येत नाही, रस्त्यात उभी राहून हात हलवते. आणि चालणं तर विचारूच नको. मीच हात धरून आणली तिला इथवर. अशा बाईला सोडून मी हैदराबादला येऊ कशी, तूच सांग."

मी सत्तरी पार केलेली, पाठीत ताठ, गुडघे अजून बरे असलेली बाई. पण बहिणीच्या शब्दाला जागायला नको का? मी ताबडतोब डावा पाय ओढत चालायला लागले. चांगला ओढला. एक 'आई गं' पण काढला.

विमलनं फोनवर हात ठेवला आणि माझ्या दंडाला चिमटा काढला.

"आक्का," ती कुजबुजली, "फोनवर लंगडलेलं दिसत नाही."